बर्फ न पडल्याची चौकशी

शनिवारी सकाळी साडेनऊ वाजता चौकशीसाहेबांनी फ्रिजच्या दारातल्या कोनाड्यात रबरी पिशवी धरली, पट्टी दाबली, आणि बर्फ पडला नाही. त्यांनी पुन्हा दाबली. मग अंगठ्यानं दाबली, तळहातानं दाबली, शेवटी कोपरानंही दाबून पाहिली. एरवी कडाकडा आवाज करत खडे ओतणारा तो कोनाडा ढिम्म.

"कोणी केलं हे?" साहेब गरजले.

दुसऱ्या कुठल्याही घरात पहिला प्रश्न "काय झालं?" असा आला असता. पण साहेबांनी एकतीस वर्षं एका मोठ्या कार्यालयात खात्याच्या चौकश्या केल्या होत्या. हरवलेली फाइल, मोडकी खुर्ची, कुलूपबंद कपाटातून उडून गेलेली शाई, सगळं त्यांच्या हाताखालून गेलेलं. वस्तू आपोआप बिघडते यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. बिघाडामागं माणूस असतो आणि तो माणूस आपल्या ओळखीचाच असतो, एवढं ते पक्कं जाणून होते. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली आणि दोन वर्षांत घरात चौकशी करावी असं काही म्हणता काही घडलं नव्हतं. त्यामुळे त्या गर्जनेत संताप होता तशी थोडी तरतरीही होती, खोटं कशाला बोला!

आतल्या खोलीतून माईंचा आवाज आला, "अहो, बर्फ आणताय ना? गुडघा नुसता पेटलाय!"

माई म्हणजे साहेबांच्या पत्नी. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन होऊन पाच आठवडे झाले होते. व्यायाम घेणाऱ्या बाई रोज सांगायच्या, गुडघा वाकवा, वाकवा, आणि वाकवून झाला की बर्फानं शेका. पण गुडघा पंचाहत्तर अंशांवर जो अडून बसला होता तो पुढं सरकेना. जिना चढायला-उतरायला सांगितलं होतं, तर जिन्याच्या नावानंच माईंना घाम फुटायचा. मागच्या तपासणीला त्यांना खुर्चीत बसवून दोघांनी खाली उतरवलं होतं. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं, "पुढच्या शुक्रवारपर्यंत नव्वद अंश झाले नाहीत, तर पुन्हा भूल देऊन आम्हाला वाकवावा लागेल." त्या दिवसापासून माई शुक्रवार हा शब्दसुद्धा हळू आवाजात उच्चारायच्या.

"बाबा, दार उघडून घ्या ना बर्फ," चिरंजीव आंघोळ करून डोकं पुसत आले. "आत डबा भरलेला असेल."

त्यांनी हात पुढं केला, तोच साहेबांनी तो वरच्या वर पकडला.

"खबरदार! पुराव्याला हात लावायचा नाही."

"पुरावा? बाबा, फ्रिज आहे तो!"

"आज सकाळी साडेनऊपासून मुद्देमाल आहे."

आणि साहेबांनी खरोखर डाव्या दारावर, म्हणजे बर्फाच्या कप्प्याच्या दारावर, चिकटपट्टी लावून कागद डकवला. त्यावर तारीख, वेळ आणि स्वतःची सही. पंच म्हणून चिरंजीव आणि सूनबाई यांच्या सह्या. फ्रिज दर पाच मिनिटांनी टुंग टुंग करत होता, तर तो आवाजही त्यांनी चिरंजिवांकडून बटण दाबून बंद करवून घेतला. चौकशी चालू असताना मध्ये मध्ये कोणी बोललेलं त्यांना कधीच खपत नसे.

"मग मेकॅनिकला फोन करू?" सूनबाईंनी विचारलं.

"तज्ज्ञाचा अहवाल शेवटी येतो. आधी जबाब."

"आणि आईंचा गुडघा? मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बर्फाची लादी आणते."

"बाहेरून बर्फ आणला म्हणजे घरातली व्यवस्था कोलमडली हे आपण लेखी मान्य केल्यासारखं होईल. सोमवारपर्यंत निकाल लावतो. तोवर गार पाण्याच्या घड्या."

सूनबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्यानं छताकडे पाहिलं. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि छताकडे केव्हा पाहायचं हे त्यांना चांगलं जमलं होतं.

रविवारी जेवणाच्या टेबलावर चौकशी बसली. साहेबांनी जुनी फाइल काढली, नवे कोरे कागद लावले, शाईचं पेन झटकलं. पहिले चिरंजीव.

"फ्रिजवर लावलेली सूचना वाचली होती का?"

"कुठली?"

"कुठली म्हणे! 'बर्फ केवळ वैद्यकीय कारणासाठी. सरबतात घालू नये.' शुक्रवारी संध्याकाळी मी स्वतः लावली. कार्यालयातल्या फळ्याची चार चुंबकं मला निरोप समारंभात मिळाली होती, ती लावून."

"वाचली."

"आणि नंतर?"

"सरबत घेतलं."

"बर्फ घालून?"

"घालायला गेलो. पडलाच नाही."

साहेबांनी ते लिहून घेतलं आणि 'पडलाच नाही' याखाली दोनदा रेघ मारली. म्हणजे गुन्हा शुक्रवारी संध्याकाळनंतरचा, निदान वेळ तरी ठरली. ते खूश झाले. इथवर सगळं रीतसर चाललं होतं.

मग सूनबाई आल्या. तांदूळ निवडताना उठवल्यामुळे मांडीवरचं ताट तसंच हातात होतं.

"शनिवारी दिवसभरात माईंना किती वेळा शेक दिला?"

"तीनदा."

"कशानं?"

"बर्फानं, दुसऱ्या कशानं?" म्हणून गेल्या, आणि लगेच त्यांनी जीभ चावली.

साहेबांचं पेन थांबलं. "घरात बर्फ नाही. दुकानातून आणायला मी मनाई केली होती. मग हा बर्फ आला कुठून?"

सूनबाई तांदळातला खडा शोधू लागल्या. पुष्कळ शोधला. शेवटी म्हणाल्या, "खालून."

"खालून म्हणजे?"

"खालच्या काकांकडून. त्यांनी स्वतःहून विचारलं हो. गुडघा कसा आहे म्हणाले. मग मी सांगितलं, मग त्यांनी डबाभर दिला."

साहेब इतक्या जोरात उठले की खुर्ची मागच्या मागं आडवी झाली.

खालचे काका म्हणजे स्टोअरकीपर. इमारत एकाच कार्यालयातल्या लोकांनी मिळून बांधलेली, त्यामुळे ज्याचं तोंड कार्यालयात नको वाटायचं तो जिन्यातही भेटायचाच. बारा वर्षांपूर्वी भांडारातून बारा पंखे नाहीसे झाले होते. चौकशी साहेबांनी केली, दोष स्टोअरकीपरांवर आला आणि त्यांची बढती गेली. तेव्हापासून एक पहिल्या मजल्यावर, दुसरे दुसऱ्या मजल्यावर, आणि मध्ये चौदा पायऱ्यांचा अबोला.

"त्याच्याकडचा बर्फ? माझ्या घरात?" साहेब कडाडले. "ज्या माणसाला मी दोषी ठरवलं, त्याच्या उपकाराखाली माझी बायको? चाळीस दिवस चौकशी केली होती मी! चाळीस! आणि शेवटी त्यानं स्वतःच्या हातानं कबुलीजबाबावर सही केली होती, कोणी जबरदस्ती केली नव्हती!"

"अहो, ओरडताय कशाला?" माई काठी टेकत दारात आल्या. "बर्फ आहे तो. त्याला काय माहीत कोणाची बढती गेली."

"ते काही नाही. मी लेखी आदेश काढतो. त्या घरातला बर्फ या उंबरठ्याच्या आत येणार नाही. एक खडासुद्धा नाही!"

"नाही येणार?"

"नाही म्हणजे नाही!"

माईंनी एकदा नवऱ्याकडे पाहिलं. अडतीस वर्षं त्यांनी या माणसाच्या रागावर झाकण ठेवलं होतं. मग त्या सुनेला म्हणाल्या, "चल गं, हात दे. बर्फ वर येत नसेल तर गुडघा खाली जाईल."

"माई, जिना?" चिरंजीव घाबरले.

"हो, जिना. माझा गुडघा शुक्रवारी भुलीखाली वाकवून घेण्यापेक्षा मी आत्ता शुद्धीत वाकवते."

पहिल्या दिवशी चौदा पायऱ्या उतरायला पंचवीस मिनिटं लागली. साहेब वरून कठड्याला धरून उभे होते. प्रत्येक पायरीला माई "आई गं" म्हणायच्या आणि प्रत्येक "आई गं" साहेबांच्या काळजात कळ आणायचं. पण आदेश मागं घेतला असता तर साहेब कसले? ते वरूनच ओरडले, "आधी चांगला पाय खाली टाकलास! आधी दुखरा टाक, दुखरा!" खालून स्टोअरकीपर दार उघडून बाहेर आले, त्यांनी वर पाहिलं, माईंना आत नेऊन खुर्ची दिली आणि दार लावून घेतलं. ते दार आपल्या तोंडावर लावलं, असं साहेबांना वाटलं. एक मजला वर उभं असूनही वाटलं.

सोमवार गेला, निकाल नाही. मंगळवार गेला. सकाळ, दुपार, संध्याकाळ माई खाली जायच्या, तासभर बसायच्या, वर यायच्या. तिकडून हसण्याचे आवाज यायचे. साहेब टेबलाशी बसून जबाबांची जुळणी करायचे आणि अधूनमधून फरशीवर पाय आपटायचे, म्हणजे खाली समजावं. खाली काही समजत नसे, हसणं चालूच राही.

"एवढं काय बोलता तुम्ही तिथं?" त्यांनी एकदा न राहवून विचारलं.

"तुमच्याबद्दल," माई म्हणाल्या आणि कूस बदलून झोपल्या.

बुधवारी सूनबाईंची चौथी फेरी होती. प्रश्न सत्तावन्नावर आला होता आणि गॅसवर वरण उतू चाललं होतं.

"बाबा, एक विचारू? हे कधी संपणार?"

"दोष निश्चित झाला की."

"आणि मग मेकॅनिक येईल?"

"अर्थात."

सूनबाईंनी वरणाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, कागदांच्या गठ्ठ्याकडे पाहिलं. "मग मीच बिघडवला. द्या इकडे, सही करते."

साहेबांचा चेहरा उजळला. "कसा बिघडवलास?"

"तुम्ही सांगाल तसा."

"तसं नसतं. ते तुझ्या तोंडून यायला हवं. पट्टी प्रमाणाबाहेर जोरानं दाबलीस, असं म्हणायचंय का तुला?"

"हो, तसंच म्हणायचंय. वरण जातंय बाबा!"

साहेबांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं. 'कोणाच्याही दबावाशिवाय' असंही लिहिलं. सूनबाईंनी उभ्या उभ्या सही केली आणि स्वयंपाकघरात धावल्या. पंच म्हणून माई आणि चिरंजीव यांच्या सह्या झाल्या. साहेबांना सुनेचं खरोखर कौतुक वाटलं. पोर चुकली, पण कबूल केलं, आजकाल एवढं तरी कोण करतं! शिक्षा म्हणून त्यांनी तिला फक्त तोंडी समज दिली.

गुरुवारी अकरा वाजता मेकॅनिक आला. चिरंजीव कामावर गेलेले, माई आणि सूनबाई खाली. साहेबांनी त्याला कबुलीजबाबाची प्रत दिली. मेकॅनिकनं ती न वाचता पिशवीवर ठेवली आणि फ्रिजसमोर उभा राहिला. चिकटपट्टी, कागद, सह्या, सगळ्यावरून त्याची नजर फिरली आणि दाराच्या वरच्या कोपऱ्यावर येऊन थांबली.

"ही चुंबकं कोणी लावली?"

"मी. का?"

मेकॅनिकनं सूचना उचलली, चारही चुंबकं काढून ओट्यावर ठेवली आणि पट्टी दाबली. खड खड खड करत बर्फ कोनाड्यातून थेट साहेबांच्या पायावर पडला.

"झालं," मेकॅनिक म्हणाला.

"काय झालं?" साहेबांनी आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न विचारला.

"साहेब, दार बंद आहे की उघडं हे फ्रिजला याच कोपऱ्यातल्या एका बारक्या चुंबकावरून कळतं. तुमची ही दांडगी चुंबकं त्याच्या शेजारी बसली, त्याचा गोंधळ झाला. त्याला वाटलं दार उघडंच आहे. उघड्या दारात बर्फ ओतला तर जमिनीवर सांडेल, म्हणून तो देत नव्हता. टुंग टुंग करत नव्हता का?"

"करत होता."

"मग?"

"मी त्याला गप्प केलं," साहेब पुटपुटले.

मेकॅनिकनं वही काढली. "बिघाडाचं कारण लिहावं लागतं. ग्राहकाची चूक."

साहेबांचं रक्त उसळलं. "चूक? कोणाची चूक? दारावर कागद लावणं ही चूक? असला कसला हळवा फ्रिज बनवता तुम्ही? साध्या चार चुंबकांनी ज्याची मती फिरते, त्याला घरात ठेवायचा कसा? मी तुमच्या कंपनीचीच चौकशी लावीन!"

"लावा की. पण मी काय लिहू ते सांगा, मला पुढं अजून तीन घरं आहेत."

जिन्यात काठीचा आवाज आला. माई वर येत होत्या, आणि काय आश्चर्य, "आई गं" ऐकू येत नव्हतं. साहेबांनी आवाज एकदम खाली आणला. "असं लिहा. 'घरातील व्यक्तीकडून अनवधानानं.' मी घरातलीच व्यक्ती आहे ना?"

"आहात ना, म्हणजे काय!"

मेकॅनिकनं लिहिलं, सही घेतली आणि जाताना जिन्यात माईंना सांगितलं, "झालं हो काकू काम." साहेबांनी सूचना आणि चुंबकं कपाटाच्या तळाशी ढकलली, पायाखालचा बर्फ गोळा करून मोरीत टाकला आणि फाइलवर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'प्रकरण बंद'. सूनबाईंच्या सहीकडे बघवेना, म्हणून ती बाजू आत दुमडली. त्यांना वाईट वाटत होतं. पण बंद प्रकरण उघडायचं म्हणजे कारण द्यावं लागतं, आणि ते कारण कोणत्या तोंडानं द्यायचं?

शुक्रवार उजाडला. माई खुर्चीशिवाय दोन्ही मजले उतरल्या. दवाखान्यात व्यायामवाल्या बाईंनी त्यांना पलंगावर झोपवलं, गुडघ्याला कोनमापक लावला आणि त्या चक्रावल्या. पुन्हा लावला. मग त्यांनी डॉक्टरांना हाक मारली.

"एकशे दोन!"

"शक्य नाही," म्हणत डॉक्टरांनी स्वतः मोजलं. एकशे दोनच भरले. "माई, ऑपरेशन सोडा, आता तुम्ही नाच शिकायला हरकत नाही! केलंत काय आठवड्याभरात?"

"जिना," माईंना हसू आवरेना, डोळ्यांत पाणीही आलं. "घरातला फ्रिज बिघडला. बर्फ मिळायचा तो खालच्या मजल्यावर. मग काय करते? दिवसातून तीनदा खाली, तीनदा वर. पहिल्या दिवशी जीव गेला. कालपासून काही वाटेना."

"आम्ही घसा कोरडा करून सांगत होतो ते एका फ्रिजनं केलं," डॉक्टर हसले. आजूबाजूच्या पलंगांवरची गुडघेवाली मंडळीही कान देऊन ऐकत होती. "कोणी बिघडवला हो तो? त्याचा सत्कार करायला पाहिजे!"

"ही काय, आमच्या सूनबाईंनी," माईंनी तिला हात धरून पुढं ओढलं. "लेखी दिलंय तिनं!"

सूनबाई लाजून लाल झाल्या. डॉक्टरांनी टाळी वाजवायला हात उचलले.

"थांबा!" साहेब ओरडले. पूर्ण आठवड्याचा संताप त्या एका शब्दात आला. एवढा मोठा पराक्रम, आणि श्रेय भलत्याच माणसाला! हा कुठला न्याय? "तो मी बिघडवला! माझ्या चुंबकांनी! मेकॅनिकला विचारा! आणि बर्फ वर आणायचा नाही हा आदेशही माझाच! तिचा काही संबंध नाही!"

माई उठून बसल्या. गुडघा छान वाकला.

"मग हिनं सही केली ती?"

"तो जबाब खोटा आहे. वरण उतू जात होतं म्हणून केली तिनं सही. सुटका व्हावी म्हणून. माणूस कंटाळला की करतो सही..."

साहेब मध्येच थांबले. माई त्यांच्याकडे टक लावून पाहत होत्या. आवाज न चढवता त्यांनी विचारलं, "सत्तावन्न प्रश्नांत ही कंटाळली. चाळीस दिवसांत खालचे किती कंटाळले असतील हो?"

डॉक्टरांना काही कळलं नाही. साहेबांना कळलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. एकतीस वर्षांत त्यांना प्रश्न विचारायची कोणाची छाती झाली नव्हती, आणि हा एकच प्रश्न आला तो असा आला.

"टाळ्या कोणासाठी वाजवायच्या ते तरी ठरवा," व्यायामवाल्या बाई म्हणाल्या.

"सूनबाईंसाठीच वाजवा," साहेब खाली बघून म्हणाले. "तिनं निदान सहन केलं."

रिक्षा घराशी थांबली. माई जिना स्वतः चढल्या, सूनबाई मागं. पहिल्या मजल्यावर माई थांबल्या. "तुम्ही व्हा पुढं. एकशे दोन झाले म्हणून मी इथं सांगून येते, सहा दिवस जीव लावला त्यांनी."

साहेब दोन पायऱ्या वर गेले. तिथं जरा वेळ कठडा धरून उभे राहिले. मग खाली आले आणि स्टोअरकीपरांच्या दारासमोर माईंच्या पुढं येऊन उभे राहिले.

"मी सांगतो."

"काय सांगणार?" माईंनी विचारलं. "गुडघ्याचंच ना? की आणखी काही? आणि सुरुवात कशी करणार? बारा वर्षांनी..."

"आता तू चौकशी करू नकोस!" साहेब खेकसले आणि त्यांनी बेल दाबली.